गाडी चांगली होती, की आपणच तरुण होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेत असताना काकांच्या मागे लागून तुम्ही ट्रायल्स मोटरसायकल शिकलात, पुढे शिक्षण आणि नोकरीच्या रेट्यात ती सुटली. आता पन्नाशीला टेकल्यावर काकांच्याच शेडमधली गाडी हाताशी आली आहे, वीस वर्षं पडून असलेली ट्विनशॉक, म्हणजे मागे दोन शॉकअप असलेली. तुम्ही विचारता, ती मजा खरंच त्या गाडीत होती, की चौदाव्या वर्षी सगळंच गोड लागतं म्हणून तशी वाटत होती? आणि तसं असेल तर ती उभी करण्यात वेळ घालवावा का?

मीही चौदाव्या वर्षीच सुरुवात केली, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. आधी स्पर्धेत उतरलो, मग ऑब्झर्व्हर, म्हणजे जागेवर उभं राहून गुण लिहिणारा झालो, आणि गेली बरीच वर्षं मुलांना शिकवतोय. जुन्या गाड्याही चालवतो आणि नव्याही, त्यामुळे एकाच आठवड्यात दोन्हींची तुलना करायची सवय आहे. मजा त्या गाडीतच होती, असं माझं ठाम मत आहे. मात्र ती तिच्या उणिवांमुळे होती, हे मला फार उशिरा कळलं.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रायल्समध्ये वेगाला मोल नाही. ओढा, खडक, चढ, झाडांची मुळं अशा ठिकाणी फिती बांधून एक छोटा तुकडा आखतात, त्याला सेक्शन म्हणतात. तो पाय न टेकता पार केला तर शून्य, म्हणजे ‘क्लीन’. एकदा पाय टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात, फितीबाहेर गेलात, गाडी बंद पडून अडकलात तर पाच. दिवसाच्या शेवटी ज्याच्या नावावर सगळ्यात कमी गुण, तो जिंकला.

माझी पहिली गाडी यामाहा टीवाय १७५. मामानं ती कितव्या तरी मालकाकडून आणली होती. हेडलाइट नव्हता, आणि मूळचा ऑईल पंप आधीच्या कुणीतरी काढून टाकला होता. त्यामुळे पेट्रोलमध्येच लिटरला तीस मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑईल मिसळायचं. हे काम माझ्याकडे होतं. मापाच्या टोपणानं ऑईल मोजायचं, कॅनमध्ये ओतायचं, झाकण घट्ट लावून कॅन दोन्ही हातांनी हलवायचा आणि मगच टाकी भरायची. एकदा हलवायला विसरलो. टेकडीच्या मध्यावर गाडी आधी घोगरी झाली, मग गप्प. मामानं पान्हा लावून प्लग काढला आणि फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. टोकाशी काळं, ओलं, चिकट ऑईल साचलं होतं. तो काही बोलला नाही. वायर ब्रश पुढे केला आणि दगडावर जाऊन बसला. मी तो प्लग घासून, पुसून, परत बसवेपर्यंत तो तिथेच बसून होता. आजही ऑईल मिसळताना माझे हात आपोआप कॅन हलवायला लागतात.

पहिले तीन आठवडे मला एकही दगड ओलांडू दिला नाही. मोकळ्या सपाट जागेत मामानं बुटाच्या टाचेनं मातीत दोन गोल काढले, आठच्या इंग्रजी आकड्यासारखे एकमेकांना चिकटलेले. पहिल्या गिअरमध्ये, फूटरेस्टवर उभं राहून, त्या रेषेवरून फिरायचं. सीटवर बसायचं नाही, आणि खरं तर बसण्याजोगी सीट नव्हतीच. उजव्या हातानं रेस जवळजवळ द्यायचीच नाही, इंजिन आपल्या चालीनं टपटपत राहू द्यायचं. काय करायचं ते क्लचवरच्या एका बोटानं.

पहिल्या दिवशी मी बावीस वेळा पाय टेकला, मामानं मोजले होते. वळताना मी सगळं अंग गाडीबरोबर आत टाकत होतो, जसं सायकलवर टाकतो. इतक्या कमी वेगात ते चालत नाही. गाडी आत झुकवायची आणि आपण बाहेर राहायचं. बाहेरच्या फूटरेस्टवर भार द्यायचा, आतला गुडघा मोकळा सोडायचा, हँडल पार टोकापर्यंत वळवायचं. चौदा वर्षांच्या मुलाला हे सांगून कळत नाही. मामा गाडीशेजारी उलट्या पावलांनी चालत राहायचा आणि सारखं एकच म्हणायचा, “अरे, हँडल धर, त्याला लटकू नकोस.” मी लटकतोय हे मला कळतच नव्हतं. शेवटी त्यानं माझ्या दोन्ही मुठींमधली तीन-तीन बोटं सोडवली. नुसत्या अंगठ्या-तर्जनीनं हँडल धरून फिरायला लावलं. मग भार हातांतून सुटला आणि पायांत उतरला, एका क्षणात. गाडी एकदम हलकी झाल्यासारखी वाटली.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी थांबून मागे बघितलं तर मातीत टायरची एकच रेघ होती. दहा-बारा फेऱ्या मारल्या होत्या आणि प्रत्येक फेरी आधीच्या खुणेवर बसली होती. त्यानंतर मी पुष्कळ स्पर्धा केल्या, काही जिंकल्याही. पण माझी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्पष्ट आठवण कुठली विचाराल तर ती मातीतली एक रेघ.

आता गाडीकडे येतो. ट्विनशॉक ट्रायल्स गाडीचं इंजिन बघायला साधं असतं. एअर-कूल्ड सिलिंडर, छोटा कार्बोरेटर, आणि आत वजनदार फ्लायव्हील, म्हणजे इंजिनबरोबर फिरणारं जड चाक. सगळी किमया त्या फ्लायव्हीलची. इंजिनची ताकद झटक्यानं चाकापर्यंत पोचली तर ओल्या खडकावर चाक जागीच फिरतं आणि पकड जाते. जड फ्लायव्हील तो झटका पोटात घेतं आणि सावकाश, सारख्या ठोक्यांत बाहेर सोडतं. म्हणून अगदी बंद पडेल असं वाटणाऱ्या आवाजातही ती गाडी चढ चढत राहते. एकेक ठोका मोजता येतो. त्या ठोक्यांच्या मधल्या जागेत टायरला जमीन धरायला वेळ मिळतो, असं मामा म्हणायचा. शास्त्राच्या भाषेत ते थोडं वेगळं मांडावं लागेल, पण चालवणाऱ्याला जे जाणवतं ते नेमकं तेच.

दुसरी गोष्ट हवेची. मागच्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय, पुढच्यात साधारण सहा. रस्त्यावरच्या गाडीला त्याच्या पाच-सहा पट लागते. एवढ्या कमी हवेत टायर खडकाच्या कडेवर पसरतो, तिला अक्षरशः कवटाळतो. साध्या गेजवर चार पीएसआय वाचताच येत नाही, काटा हलतो न हलतो. त्यासाठी कमी दाबाचा वेगळा गेज लागतो. आमच्याकडे तो यायला वर्ष लागलं. तोवर मामा अंगठ्यानं टायर दाबून बघायचा, आणि गेज आल्यावर तपासलं तर त्याचा अंगठा अर्ध्या पीएसआयच्या आत बरोबर होता. हवा इतकी कमी असल्यावर टायर रिमवर घसरून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटू शकतो, म्हणून रिमला आतून टायर पकडणारा सिक्युरिटी बोल्ट असतो. तुमच्या गाडीत तो आहे का, आधी बघा. पुष्कळदा टायर बदलताना लोक तो काढून टाकतात.

या गाड्या अशा का झाल्या, त्याची गोष्ट मला आमच्या गॅरेजच्या भिंतीवरून कळली. मासिकातून कापलेला एक फोटो तिथे खिळ्याला लावला होता: ट्रायल्सचा नावाजलेला स्वार सॅमी मिलर आणि त्याची ब्रिटिश बनावटीची एरिएल, नंबर जीओव्ही १३२. पाचशे सीसीची फोर-स्ट्रोक गाडी. मिलरनं तिचा प्रत्येक भाग हलका करत करत वजन ११० किलोच्या आसपास आणलं होतं. स्कॉटलंडमधल्या सिक्स डेज ट्रायलमध्ये तो १९६२ आणि १९६४ साली तिच्यावरच जिंकला. ही स्पर्धा म्हणजे या खेळातली सगळ्यात मोठी परीक्षा. सलग सहा दिवस, दररोज तीस सेक्शन, आणि मधलं अंतर दलदलीतून नाहीतर दगडधोंड्यांतून. मग १९६४च्या अखेरीस मिलर स्पेनच्या बुल्टाको कंपनीकडे गेला आणि त्यांच्यासाठी टू-स्ट्रोक गाडी घडवली, शेर्पा टी. वजन साधारण ९२ किलो. १९६५ साली त्याच सहा दिवसांच्या स्पर्धेत तो तिच्यावर बसून जिंकला, आणि मोठ्या फोर-स्ट्रोक गाड्यांचा काळ संपला. पुढे १९६८ साली स्पेनच्याच माँटेसा कंपनीची कोटा आली. इंग्लंडचा मिक अँड्र्यूज ओसा या स्पॅनिश गाडीवर १९७० ते १९७२ सलग तीन वर्षं स्कॉटलंडमध्ये जिंकला, मग यामाहाकडे गेला आणि १९७४ व १९७५ साली पुन्हा जिंकला. माझी टीवाय त्याच घराण्यातली. हे कळल्यावर मी ती रोज पुसायला लागलो.

मात्र या गाड्यांना एक गोष्ट येत नव्हती. त्यांना जागच्या जागी उड्या मारता येत नव्हत्या. वजन ८५-९० किलो, मागचे शॉकअप साधे, ब्रेक ड्रमचे. सेक्शनमध्ये मध्येच थांबून, दोन्ही ब्रेक दाबून, पुढचं चाक उचलून बाजूला ठेवायचं आणि नव्यानं दिशा धरायची, हे आज बारा वर्षांचं पोरही करतं. आम्हाला ते शक्यच नव्हतं. शिवाय आम्ही ज्या स्पर्धांत उतरायचो तिथे गाडी थांबली की पाच गुण. म्हणजे सेक्शनमध्ये शिरण्याआधी सगळा विचार झालेला असायला हवा. आत शिरलात की दुरुस्तीला जागा नाही.

इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सोळाव्या वर्षी माझी पहिली मोठी स्पर्धा होती. सातवं सेक्शन ओढ्यात. उजवीकडे लाल खुणा, डावीकडे निळ्या, मधून वाट. मी ते तीनदा चालून बघितलं. आत शिरल्यावर डावीकडे वळण, मग गुडघाभर खोल डोह, पलीकडे म्हशीच्या पाठीसारखा काळा गुळगुळीत खडक आणि त्यावरून काठावर चढून बाहेर. माझं सगळं लक्ष त्या खडकावर. तो कसा घ्यायचा, किती रेस द्यायची, हेच डोक्यात. माझा नंबर आला. वळण घेतलं, डोहातून गेलो, खडकाला तिरका लागलो, पुढचं चाक सरकलं आणि उजवा पाय, डावा पाय, पुन्हा उजवा. बाहेर आलो खरा, पण ऑब्झर्व्हरनं पेन्सिलीनं तीन लिहिले होते.

स्पर्धा संपल्यावर सगळे पांगले, फिती सोडायचं काम सुरू होतं. मामा मला परत त्या ओढ्यावर घेऊन गेला. मला वाटलं, आता खडक दाखवणार. त्यानं मला सेक्शनच्या शेवटच्या टोकाला उभं केलं आणि म्हणाला, “आता उलटं चालत जा. जिथून बाहेर पडायचंय तिथून सुरुवात कर.”

मी काठावरून खाली खडकाकडे बघितलं. बाहेर पडायचं तर खडकावर सरळ यायला हवं. सरळ यायचं तर डोहात उजव्या अंगानं असायला हवं. डोहात उजवीकडे असायचं तर आधीचं डावं वळण बाहेरून, पार उजव्या खुणेला घासून घ्यायला हवं. आणि मी ते आतून घेतलं होतं, कारण तिथे जमीन सपाट होती आणि सोपं वाटलं होतं. माझे तीन गुण खडकावर गेलेच नव्हते. ते पंधरा पावलं आधी, सगळ्यात सोप्या जागी गेले होते.

मामा म्हणाला, “खडक बिचारा जागचा हललाय का?”

त्यानंतर आजतागायत मी कुठलंही सेक्शन आधी उलटं चालतो. शिकायला येणाऱ्या मुलांनाही तेच करायला लावतो. पाण्यातले दगड वाचायलाही त्याच वर्षी शिकलो. धारेत असलेला दगड बहुतेक वेळा बरा, पाणी त्याला घासत राहतं. काठाशी संथ पाण्यातला हिरवट दगड सगळ्यात वाईट, शेवाळावर कुठलाच टायर टिकत नाही. ओलं मूळ आडवं आलं तर त्याला काटकोनात भिडायचं, रेस सोडून द्यायची आणि गाडीला आपल्या वेगात वरून जाऊ द्यायचं. चढाला रेस पायथ्याशी द्यायची, माथ्याशी नाही. माथ्याशी दिलेली रेस तुम्हाला वर नेत नाही, मागे पाडते. यातली एकही गोष्ट मनगटाच्या जोरावर होत नाही. उणी गाडी आपल्याला आधी बघायला भाग पाडायची. चौदाव्या-पंधराव्या वर्षी एवढ्या बारकाईनं जमीन बघायची सवय दुसऱ्या कशानं लागली असती, मला तरी सांगता येत नाही. दोन मीटरच्या ओल्या मातीकडे आम्ही चार-पाच पोरं पंधरा-पंधरा मिनिटं उकिडवी बसून बघत असू, आणि कुणाला कंटाळा येत नसे.

नंतर खेळ बदलला, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. मार्टिन लॅम्पकिन १९७५ साली ट्रायल्सचा पहिला जागतिक विजेता झाला तेव्हाही गाडी पुढे सरकत ठेवणं हीच कला होती. १९७९ साली अमेरिकेचा बर्नी श्रायबर विजेता झाला. तो मागच्या चाकावर गाडी गर्रकन फिरवून वळण काढायचा, ते बघून सगळे अवाक झाले. १९८२ ते १९८४ बेल्जियमच्या एडी लेज्यूननं होंडाच्या फोर-स्ट्रोकवर सलग तीन विजेतेपदं घेतली. टू-स्ट्रोकच्या राज्यात त्या गाडीचा संथ, खोल आवाज अगदी वेगळा ऐकू यायचा. त्याच सुमारास यामाहानं मागे एकच शॉकअप असलेली गाडी आणली, आणि मग डिस्क ब्रेक, ट्यूबलेस टायर, वॉटर-कूलिंग हे सगळं दहा वर्षांच्या आत आलं. स्पेनचा जॉर्दी तारेस सायकल ट्रायल्समधून आला होता. जागेवर थांबून उड्या मारत दिशा बदलण्याची सायकलची विद्या त्यानं मोटरसायकलवर आणली आणि १९८७ ते १९९५ या काळात सात वेळा विजेता झाला. आज स्पेनचा टोनी बोऊ उंच सुळक्यावर ज्या तऱ्हेनं गाडी चढवतो ते बघताना माझे डोळे पाणावतात, इतकं ते सुंदर आहे.

पण तो वेगळा खेळ आहे. नवी गाडी सत्तर किलोच्या आसपास, ब्रेक एका बोटावर, क्लच लोण्यासारखा. चुकलात तर थांबा, उडी मारा, सुधारा. चूक झाल्यावर ती निस्तरण्यात केवढं कौशल्य लागतं हे मला ठाऊक आहे, मी ते शिकवतो. जुन्या गाडीवर मात्र चूक आधीच, चालत असताना, डोळ्यांनी पकडावी लागते. थांबावं की थांबू नये यावर नियमही पुढेमागे होत राहिले. जागतिक स्पर्धेत २०१३ साली न थांबण्याचा नियम परत आणला गेला, तेव्हा आमच्यासारख्यांना मनापासून आनंद झाला होता. लॅम्पकिन घराण्याचंच बघा. मार्टिननं स्कॉटलंडची स्पर्धा ट्विनशॉकवर तीनदा जिंकली, मुलगा डगी पुढच्या पिढीच्या गाड्यांवर बारा वेळा. याच डगीनं २०१६ साली आइल ऑफ मॅनच्या साठ किलोमीटरच्या रस्त्यावर पुढचं चाक न टेकवता पूर्ण फेरी मारली. बापलेकांपैकी मोठा कोण, हा प्रश्नच मला पटत नाही.

आता आठवण कुठे फसवते तेही सांगायला हवं, नाहीतर पहिल्याच रविवारी तुम्ही हिरमुसाल. ड्रम ब्रेक डोहातून बाहेर आल्यावर काही सेकंद लागतच नाहीत. आपण हे साफ विसरलेले असतो. उतारावर पुढचा लीव्हर पूर्ण दाबूनही गाडी घसरत जाते तेव्हा छातीत धस्स होतं. क्लचची केबल जड असते, पंधरा मिनिटांत कोपराखालचा हात दगडासारखा कडक होतो. किक उलटी बसली तर घोटा किंवा पिंढरी सुजते. माझ्या उजव्या पिंढरीवर त्याची खूण आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्या गाड्या आपल्याला आठवतात त्याहून ठेंगण्या आहेत. हँडल खाली, फूटरेस्ट पुढे आणि उंच. चौदा वर्षांच्या मुलाला ते मापात बसायचं, पन्नाशीतल्या पाठीला नाही बसत. उंच हँडल लावा आणि फूटरेस्ट थोडे खाली-मागे घ्या. जुन्या गाड्या नेहमी चालवणारे पुष्कळ जण हेच करतात. त्यात मूळ गाडीचा अपमान वगैरे काही नाही.

गाडी उभी करायची का? करा. अगदी नक्की करा. फक्त उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी किक मारू नका. वीस वर्षं पडून असलेल्या गाडीत सगळ्यात आधी एअर फिल्टर उघडा. जुना फोम पिठासारखा भुगा होतो आणि पहिल्या किकबरोबर थेट इंजिनमध्ये खेचला जातो. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडा, एक रात्र जाऊ द्या, मग किक हातानं हळूहळू दाबून पिस्टन सुटा आहे का बघा. कार्बोरेटर पूर्ण उघडा, जेटची भोकं जुन्या पेट्रोलच्या डिंकानं बुजलेली असणार. टाकी फायबरग्लासची असेल, आणि त्या काळच्या स्पॅनिश गाड्यांची बऱ्याचदा असायची, तर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आतलं रेझिन विरघळवतं आणि तो चिकटा कार्बोरेटरमध्ये उतरतो. आतून योग्य लेप दिल्याशिवाय तीत पेट्रोल भरू नका.

क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑईल सील बदलाच, ते चांगले दिसले तरी. एका बाजूनं हवा खेचली गेली तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. दुसऱ्या बाजूनं गिअरबॉक्सचं ऑईल ओढलं गेलं तर पांढऱ्या धुराचा लोट निघतो. ब्रेक शू हातात घेऊन लायनिंग नखानं उचकटून बघा. जुना गोंद सुटला असेल तर ते चालत्या गाडीत निखळून चाक जाम होऊ शकतं. मी हे दुसऱ्याच्या गाडीवर बघितलंय, आणि तो चढावर होता म्हणून वाचला. स्विंगआर्मची बुशं, स्पोकची निपलं, सगळ्या केबल्स, एवढं झालं की टायर. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी जुनं रबर लाकडासारखं होतं, चार पीएसआयलाही ते खडकाला धरत नाही. टायरला पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा.

एक नवी गोष्ट मात्र जुन्या गाडीवर जरूर लावा: मनगटाला दोरी बांधायचा किल स्विच. तुम्ही गाडीपासून सुटलात की इंजिन बंद. आमच्या वेळी नव्हता, आणि रेस अडकलेली गाडी अंगावर आल्याच्या गोष्टी प्रत्येकाकडे आहेत. हेल्मेट आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट हे सांगायला नकोच. एकट्यानं ओढ्यात उतरू नका. सुरुवातीला एका वेळी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त चालवू नका, कारण चूक दमल्यावर होते.

गाडी तयार झाल्यावर काय करायचं तेही सांगतो, कारण मला माहितेय तुमचा पहिला विचार जवळचा चढ गाठायचा असणार. सपाट, मऊ जमीन शोधा. इंजिन बंद ठेवा. हँडल पूर्ण डावीकडे वळवा, पुढचा ब्रेक एका बोटानं धरा, आधी डावा पाय फूटरेस्टवर, मग उजवा. गुडघे सैल, नजर चार-पाच मीटर पुढच्या एखाद्या गवताच्या काडीवर. गाडी उजवीकडे कलेल, डावा गुडघा किंचित बाहेर काढून तिला परत बोलवा. मग डावीकडे कलेल. मुठी आवळल्या जातील, त्या सोडवा. पहिल्यांदा दोन सेकंद टिकाल, मग तीन. सलग दहा सेकंद उभे राहिलात की मग किक मारा, आणि टाचेनं मातीत दोन गोल काढा.